वन्यजीव-पर्यावरणात प्राध्यापकी: आधी जाहिरात, मग कासव

मी वन्यजीवांवर पीएचडी करतेय असं वाडीत कळलं, तेव्हा शेजारच्या काकींनी विचारलं, "म्हणजे गो, तू फॉरेस्टात लागतलंस?" आणि लगेच, "पगार किती?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' होतं. दुसऱ्याचं उत्तर द्यायला मला पुढे नऊ वर्षं लागली. त्यातली निदान तीन वर्षं नुसती कागदांपायी गेली. अभ्यास कमी पडला म्हणून गेली असती तर एवढं वाईट वाटलं नसतं.

हा लेख कोकणातल्या मुलामुलींसाठी आहे. ज्यांना समुद्र, सडा (कातळाचं पठार), जंगल यांतल्या एखाद्या गोष्टीचं वेड आहे, त्यावर शिकवायचंय, संशोधन करायचंय, पण घरात विचारायला कुणी नाही, त्यांच्यासाठी. काकी म्हणतात ते 'फॉरेस्टात लागणं' म्हणजे वनरक्षक भरती, एमपीएससीची वनसेवा किंवा यूपीएससीची भारतीय वनसेवा. ती वाट वेगळी आणि तिच्या परीक्षाही वेगळ्या. दोन्हींचा अभ्यास एकदम करायला जाऊ नका. मी एक वर्ष ते करून बघितलंय.

१. शेवटच्या पायरीपासून सुरुवात करा

बारावीत असाल तरी आजच सहायक प्राध्यापक पदाच्या पाच-सहा जुन्या जाहिराती शोधून वाचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमांप्रमाणे त्यात साधारण असं असतं: संबंधित विषयात किमान ५५ टक्क्यांनी पदव्युत्तर पदवी (राखीव प्रवर्गांना ५ टक्के सवलत), शिवाय नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) किंवा सेट (राज्याची). मध्यंतरी विद्यापीठांतल्या नेमणुकांना पीएचडी सक्तीची होणार अशी टांगती तलवार होती. जुलै २०२३ मध्ये यूजीसीने ती काढली आणि नेट-सेट हीच किमान पात्रता ठेवली. सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये. काकी, हे तुमच्यासाठी.

आता त्या जाहिरातीतले दोन शब्द पेन्सिलने अधोरेखित करा: 'संबंधित विषय'. सगळी गोम तिथेच आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या वरिष्ठ महाविद्यालयांत जागा निघते ती प्राणिशास्त्राची, वनस्पतिशास्त्राची, फार तर पर्यावरणशास्त्राची. 'वन्यजीव व्यवस्थापन' या नावाची जागा मी इतक्या वर्षांत आपल्या पट्ट्यात पाहिलेली नाही. माझ्या एका मैत्रिणीकडे वन्यजीवशास्त्राची उत्तम पदवी होती, पण अर्ज छाननीच्या टेबलावरच अडकला, कारण जाहिरातीत प्राणिशास्त्र आणि पदवीवर दुसरंच नाव. समकक्षतेचं पत्र आणेपर्यंत मुलाखती उरकल्या होत्या.

म्हणून आधी ठरवा, शेवटी कुठल्या दारातून आत जायचंय. महाविद्यालयात शिकवायचं असेल तर पदवीवर प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्र हे नाव स्वच्छ दिसलं पाहिजे. कृषी विद्यापीठात जायचं तर वनशास्त्र किंवा मत्स्यशास्त्र. संशोधन संस्थेत जायचं असेल तर पदवीच्या नावापेक्षा तुम्ही केलेलं काम जास्त बघतात, पण तिथल्या बहुतेक जागा प्रकल्पापुरत्या. प्रकल्प संपला की जागा संपली.

२. बारावीनंतर

आपल्याकडे घराजवळ तीन पर्याय आहेत. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचं वनशास्त्र महाविद्यालय, त्याच विद्यापीठाचं रत्नागिरीतलं मत्स्य महाविद्यालय आणि जवळच्या महाविद्यालयातली साधी बीएस्सी. पहिले दोन्ही पर्याय चार वर्षांचे आणि प्रवेश सीईटीतून.

माझं मत विचाराल तर, नक्की काय हवंय हे ठरलं नसेल तर प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र घेऊन साधी बीएस्सी करा. गावात कुणी 'साधी बीएस्सीच ना' म्हणून नाक मुरडेल, मुरडू दे. तिच्यातून पुढे सगळीकडे जाता येतं. वनशास्त्राची पदवी चांगलीच आहे, रोपवाटिकेपासून लाकूडमोजणीपर्यंत हाताने काम शिकवतात. मात्र तिची पुढची वाट मुख्यतः कृषी विद्यापीठांकडे वळते आणि तिथे नेटसुद्धा वेगळी, कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळाची. नेट म्हणजे एकच परीक्षा असं धरून चालू नका.

३. एमएस्सी कुठे करायची

डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था (स्थापना १९८२) आणि बंगळुरूचं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र, ही वन्यजीवशास्त्राची दोन मोठी नावं. दोन्हीकडे जागा मोजक्या, प्रवेश परीक्षा आणि मुलाखत, आणि क्षेत्रकार्य भरपूर. बंगळुरूची रीत दर दोन वर्षांनी एक तुकडी घेण्याची. म्हणजे तुमचं बीएस्सी चुकीच्या वर्षी संपलं तर एक वर्ष थांबणं आलं. ते वर्ष एखाद्या प्रकल्पात सहायक म्हणून घालवा, मुलाखतीत त्याचंच वजन पडतं.

व्यवस्थापनाकडे ओढा असेल तर डेहराडूनच्याच वन संशोधन संस्थेत पर्यावरण व्यवस्थापनाची एमएस्सी आहे. समुद्राचं, खाडीचं काम करायचं असेल तर मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था बघा, पण तिथे आधी मत्स्यशास्त्राची पदवी लागते. पुण्यात आबासाहेब गरवारे महाविद्यालयात जैवविविधतेची एमएस्सी आहे. आणि मुंबई विद्यापीठाची प्राणिशास्त्राची एमएस्सी आहेच. मी तीच केली, आणि पहिली पायरी वाचलीत तर का केली ते कळेल.

४. नेट-सेट

प्राणिशास्त्र-वनस्पतिशास्त्रवाल्यांना सीएसआयआर-नेटचा लाइफ सायन्सेस हा विषय. पर्यावरणशास्त्रवाल्यांना यूजीसी-नेट. पहिल्यात चुकीच्या उत्तराला गुण कापतात, दुसऱ्यात नाही.

लाइफ सायन्सेसला आपली मुलं घाबरतात, कारण त्यात रेणू-पेशींचा डोंगर आहे. पण प्रश्नपत्रिकेची मांडणी बघा. 'क' विभागात ७५ प्रश्न असतात, सोडवायचे फक्त २५. परिसंस्था, उत्क्रांती, वर्तन, जीवविविधता हे भाग घट्ट केलेत तर 'क' विभागातले बरेचसे प्रश्न तिथूनच निवडता येतात. मी पहिल्या दोन वेळा सगळा अभ्यासक्रम उरावर घेतला आणि दोन्ही वेळा पडले. तिसऱ्यांदा निम्मा बाजूला ठेवला आणि पास झाले.

नेटमधून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) मिळाली तर पीएचडीची पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० (२०२३ पासूनचे दर), वर घरभाडं. त्यासाठी वयाची अट ३० वर्षांची, महिलांना आणि राखीव प्रवर्गांना ५ वर्षं सवलत. राज्याची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं, तिला वयाची अट नाही. मात्र तिच्यावर जेआरएफ मिळत नाही आणि ती महाराष्ट्र-गोव्यापुरतीच चालते. दोन्ही द्या.

जेआरएफ हुकली म्हणून हातपाय गाळू नका. बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्याच्या संस्था आपापल्या प्रवर्गातल्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्ती देतात. छोट्या क्षेत्रकार्यासाठी रफर्ड फाउंडेशनचं अनुदान आहे. अर्ज इंग्रजीत असतो, पण माणसं साधी भाषा मागतात.

५. पीएचडी: प्राणी निवडू नका, प्रश्न निवडा

'मला बिबट्यावर करायचंय' असं म्हणत आलेल्या मुलाला कुठलाही मार्गदर्शक आधी पाणी देतो आणि मग विचारतो, "बिबट्याचं काय?" कोकणात बिबटे विहिरीत पडतात, डुकरांसाठी लावलेल्या फासकीत अडकतात. कुठल्या गावात, कुठल्या महिन्यात, उघड्या विहिरींचं आणि या घटनांचं नातं काय, हा झाला प्रश्न.

असे प्रश्न आपल्या दारात पडलेत. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, जेमतेम २९ चौरस किलोमीटर, आणि मच्छीमारांचा त्याला विरोध पहिल्यापासूनचा. कागदावरचं अभयारण्य आणि पाण्यातलं जाळं यांचं काय चाललंय, यात एक प्रबंध सहज आहे. दोडामार्गात २००२ मध्ये कर्नाटकातून हत्ती उतरले आणि बागायतदारांचं गणितच बदललं. रत्नागिरीच्या सड्यांवर पावसाळ्यात चार महिने फुलणारी सृष्टी उरलेल्या काळात 'पडीक जमीन' म्हणून मोजली जाते. देवरहाटीतल्या (देवाच्या नावाने राखलेल्या रानातल्या) जुन्या झाडांच्या ढोल्यांत ककणेर, म्हणजे धनेश, घरटं करतो आणि मंदिराच्या जीर्णोद्धाराला लाकूड त्याच झाडांचं लागतं. २०१८ च्या अखेरीपासून संरक्षित सागरी प्राणी सोडवायला जाळं कापलं तर मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्या अर्जांत कुठला प्राणी कुठे अडकतो याची केवढी माहिती साठली असेल, विचार करा.

माझा प्रश्न कासवाच्या वाळूचा होता. ऑलिव्ह रिडले कासवाच्या पिल्लांचं लिंग वाळूच्या तापमानावर ठरतं. वाळू तापली की माद्या जास्त. आपल्याकडे अंडी कुत्र्या-कोल्ह्यांपासून वाचवायला हॅचरीत, म्हणजे किनाऱ्यावरच कुंपण घातलेल्या जागेत, हलवतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला हे काम चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये सुरू केलं आणि आता किनाऱ्यावर ठिकठिकाणी चालतं. मग हॅचरीची वाळू मूळ घरट्यापेक्षा उष्ण की थंड? बटणाएवढा तापमापक फुग्यात गुंडाळून अंड्यांच्या मधोमध ठेवायचा आणि पन्नासेक दिवसांनी पिल्लं निघाली की उकरून काढायचा. दिसायला एवढंच काम. पहिल्या वर्षी बारा ठेवले, नऊ मिळाले. एक कुर्लीच्या (खेकड्याच्या) बिळात सापडला. दोन आजही किनाऱ्यावर कुठेतरी तापमान मोजत बसले असतील.

मार्गदर्शकाबद्दल एकच सांगते. २०२२ च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. भेटायला जाताना पहिलं हे विचारा, "सर, जागा रिकामी आहे का?" लाजू नका. मी चार महिने एका सरांकडे विषयावर गप्पा मारल्या आणि मग कळलं की त्यांचा कोटा भरलेला. त्याच नियमांत किमान मुदत ३ वर्षं, कमाल ६, महिलांना आणखी २ वर्षं मिळू शकतात. विद्यापीठाचा कोर्सवर्क कासवांच्या हंगामात आला तर काय करायचं, हेही आधीच बोलून ठेवा.

६. परवानग्या

इथे जरा थांबून वाचा. माझं एक अख्खं वर्ष इथे बुडालं.

नुसतं लांबून बघायला आणि वहीत लिहायला, अभयारण्याच्या बाहेर, सहसा परवानगी लागत नाही. पण चार गोष्टी लक्षात ठेवा. अभयारण्यात अभ्यासासाठी शिरायचं तर वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम २८. प्राण्याला पकडायचं, टॅग लावायचा, अंड्याला हात लावायचा तर कलम १२, आणि प्राणी अनुसूची १ मधला असेल, जसं आपलं ऑलिव्ह रिडले, तर प्रकरण केंद्रापर्यंत जातं. कांदळवनातलं पान-माती घ्यायची तरी तो बहुतेक ठिकाणी राखीव वनाचा भाग, तेव्हा वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे विचारा. आणि नमुने परदेशी प्रयोगशाळेत पाठवायचा मोह झाला तर आधी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मान्यता.

राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक बसतात नागपूरला. तुमचा अर्ज कोकणातून नागपूरला जाणार, तिथून अभिप्रायासाठी परत कोकणात येणार आणि पुन्हा नागपूरला जाणार. गाडीनेसुद्धा एवढा प्रवास कंटाळवाणा आहे. स्थानिक कार्यालय कुठे हेही माहीत असू द्या. सिंधुदुर्गाचं वन विभागाचं मुख्य कार्यालय सावंतवाडीला, रत्नागिरीचं चिपळूणला. मी पहिल्यांदा जिल्ह्याचं मुख्यालय म्हणून ओरोसला जाऊन आले.

मग माझं काय चुकलं? जूनमध्ये मी एका कार्यालयात अर्ज हातोहात दिला. टेबलावरच्या साहेबांनी हसून ठेवून घेतला, चहाही पाजला. मी खुशीत घरी. सप्टेंबरात चौकशीला गेले तर असा अर्ज आलाच नव्हता. आवक नोंदवहीत नोंद नाही, माझ्याकडे पोच नाही. पुन्हा अर्ज केला, तर सोबत नकाशा नाही म्हणून परत आला. तिसऱ्यांदा पूर्ण केला आणि परवानगी हातात आली मार्चअखेर. आपल्याकडे माद्या अंडी घालायला येतात नोव्हेंबर ते मार्च. त्या वर्षी मी हॅचरीच्या कुंपणाबाहेर उभी राहून पर्यटकांबरोबर पिल्लं बघितली.

म्हणून हंगामाच्या निदान आठ-नऊ महिने आधी, शिमग्याच्या सुमारास अर्ज करा. सोबत हे जोडा:

– संशोधनाचा आराखडा, चार पानांच्या आत, मराठीत एक पान सारांश
– मार्गदर्शकाचं आणि संस्थेचं पत्र, शिक्क्यासह
– जागेचा नकाशा, अक्षांश-रेखांशांसह, गाव आणि तालुक्याचं नाव लिहून
– कुठल्या तारखा, किती माणसं, त्यांची ओळखपत्रं
– प्राण्याला नक्की काय करणार, कुठलं उपकरण, किती वेळ
– अहवाल कधी देणार याची लेखी हमी

आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयाच्या पायरीवरून उतरू नका. चहा घ्या, पण क्रमांकही घ्या. ड्रोन वापरायचा असेल तर तो अर्जात स्वतंत्र लिहा, नंतर 'त्यातच आलं' म्हणून चालत नाही.

७. किनाऱ्यावर उतरल्यावर

महागडी सामग्री लागते हा गैरसमज. दुर्बीण आठ बाय बेचाळीसची, वही आणि पेन्सिल (पावसात आणि खाऱ्या हवेत पेन दगा देतं), मोबाइलमधलं जीपीएस, लाल प्रकाशाची विजेरी. संगणकावर नकाशांसाठी क्यूजीआयएस आणि आकडेमोडीसाठी आर, दोन्ही फुकट. आर शिकायला घाबरत असाल तर एमएस्सीच्या सुट्टीतच शिका. प्रबंधाच्या शेवटच्या वर्षी शिकणाऱ्याचे हाल मी जवळून पाहिलेत, आरशात.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक घ्याच, पण तिथीचा हिशेबही शिकून ठेवा. तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची ढोबळ वेळ येते. अष्टमी म्हणजे सहा, षष्ठी म्हणजे साडेचार. हा मुंबईचा हिशेब, मालवणकडे पाणी जरा आधी चढतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती. खाडीतल्या चिखलात पक्षी मोजायचे असतील तर याच्यावर सगळा दिवस ठरतो. पहिल्या आठवड्यात मी भर भरतीला टेहळणीला गेले, तेव्हा होडी ओढणारे मामा म्हणाले, "बाय, पाण्याक इचारून येवक व्हया."

त्या मामांचे माझ्या प्रबंधात आभार आहेत, आणि ते उपचाराचे नाहीत. कुठल्या पुळणीवर यंदा वाळू सरकली, ट्रॉलर कुठपर्यंत आत येतात, कासवीण कुठे वर चढून परत गेली, हे त्यांना आपल्या आधी माहीत असतं. पण त्यांच्याकडे प्रश्नावली घेऊन जाऊ नका. जूनपासून मासेमारी बंद असते, माणसं जाळी विणत बसलेली असतात. तेव्हा जा आणि बसा. पहिले दोन दिवस वही पिशवीतच ठेवा. 'अभयारण्य' हा शब्द मालवणात जपून वापरा. सरकारचा माणूस समजले तर गप्पा तिथेच संपल्या.

सड्यावर काम असेल तर घोट्याच्या वर येणारे बूट. फुरसं कातळाच्या रंगात मिसळून जातं आणि चप्पल घालून सड्यावर हिंडणारे संशोधक मी नंतर दवाखान्यातच बघितलेत. पावसाळ्यात भाताच्या चिखलात उतरलात तर लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस) तापाचं लक्षात ठेवा. ताप आला की अंगावर काढू नका आणि डॉक्टरांना चिखलात काम करतो हे आपण होऊन सांगा.

८. शोधनिबंध

पंधरा दिवसांत छापून देतो, चार हजार पाठवा, असा मेल येईल. मी पाठवले. त्या नियतकालिकात माझ्या कासवांच्या शेजारी सिमेंटवरचा लेख होता आणि मुलाखतीत तो निबंध मोजलाच नाही. यूजीसीची केअर यादी (मान्य नियतकालिकांची) २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे आता 'यादीत आहे' म्हणून सुटकाही नाही. आपल्या विषयातले लोक ज्या नियतकालिकाचे संदर्भ देतात तिथेच पाठवा, नकार आला तरी परीक्षकांचे शेरे फुकट मिळतात. निरीक्षणाची टिपणं छापणारी चांगली नियतकालिकं आहेत. पहिल्या वर्षी एक छोटं टिपण पुरे.

९. कागदांची फाइल

ही फाइल पदवीच्या पहिल्या वर्षापासून बांधा. गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्रं, सीजीपीएचं टक्क्यांत रूपांतर करणारं पत्र, मुंबई विद्यापीठाबाहेर जाणार असाल तर स्थलांतर प्रमाणपत्र, अधिवास, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रीमीलेअर, आणि प्रत्येक प्रकल्पाचं अनुभव प्रमाणपत्र, तारखांसह.

सगळ्यात जास्त मुलं अडकतात ती दाखल्यात. राज्याचं नॉन-क्रीमीलेअर डेहराडून किंवा नेटच्या अर्जाला चालत नाही, तिथे केंद्राच्या नमुन्यातला दाखला हवा आणि तो चालू आर्थिक वर्षाच्या हिशेबाने बघतात. एसईबीसीचा दाखला राज्यापुरता. आर्थिक दुर्बल घटकाचा दाखलाही दरवर्षी नवा. हे सगळं एप्रिलमध्येच काढून ठेवा. जूनमध्ये तहसीलला दहावी-बारावीवाल्यांची रांग लागते आणि सर्व्हर बसतो. मुलींनो, लग्नानंतर नाव बदललंत तर राजपत्राची प्रत फाइलमध्ये पहिल्या पानावर ठेवा. छाननीच्या टेबलावर तोच प्रश्न आधी येतो.

१०. नोकरी लागेपर्यंत

बहुतेकांची सुरुवात तासिका तत्त्वावर होते. सीएचबी म्हणतात त्याला. तासाप्रमाणे पैसे, तेही उशिरा, सुट्टीचे काहीच नाहीत. करावं का? दोन वर्षं करावं, शिकवायचा हात बसतो. वर्षानुवर्षं करत राहू नये, कारण त्यात तुमचं संशोधन थांबतं आणि पूर्ण जागेच्या मुलाखतीत नेमकं तेच विचारतात. नेमणुकीचं पत्र आणि कार्यभाराचा दाखला दर सत्राला मागून घ्या, वर्षांनी मागायला गेलात तर प्राचार्य बदललेले असतात.

मुलाखतीत पाठ घ्यायला सांगतात. मी अन्नसाखळी घेतली होती, फळ्यावर वाघ-हरीण न काढता खाडीतली काढली: कांदळवनाचं पान, कुर्ली, पाणमांजर. समितीतल्या एका बाईंनी विचारलं, "कुर्ली पान खाते?" मग पंधरा मिनिटं आम्ही तेच बोललो. मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी आणखी एका पिशवीत घालून न्या. माझी मुलाखत जुलैत होती, एसटीची खिडकी गळत होती आणि पदवी प्रमाणपत्राच्या कोपऱ्यावरचा तो डाग अजून आहे.